मानोऱ्याहून दिल्लीला जाणारा अर्ज

२१ नोव्हेंबर १९६१. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातल्या बंजारा तांड्यांवर दहावी पास झालेल्या पोरापोरींना ही तारीख तोंडपाठ असते. आजोबा-पणजोबांची जात आणि राहण्याचं गाव लिहिलेला, त्या दिवसाआधीचा एक तरी कागद असावा, अशी विमुक्त जातीच्या मुलाकडून जात वैधतेसाठी अपेक्षा असते. अनुसूचित जातींसाठी हीच तारीख १० ऑगस्ट १९५० आहे, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा शाळेत गेले असतील तर दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल मिळते. तांड्यावरच्या बहुतेक आजोबांनी शाळेची पायरी चढलेली नसते. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक शोधायचं, म्हणजे गावच्या कोतवालाकडची जन्म-मृत्यूची जुनी नोंद. तीत वडिलांचं नाव लाडानं घेतात तसं, जात एका अक्षरानं वेगळी आणि जिल्हा अकोला. वाशीम जिल्हाच मुळी १ जुलै १९९८ ला झाला, त्यामुळे घरातले सगळे जुने कागद अकोल्याचेच असतात.

हे सगळं करून वैधता मिळवलेला मुलगा जेव्हा दिल्लीच्या विद्यापीठाचा अर्ज उघडतो, तेव्हा त्याला कळतं की तिथं हा कागद कुणी मागतच नाही. तिथं वेगळाच कागद लागतो आणि तो त्याच्याकडे नसतो.

मी या तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. वर्गात राठोड, चव्हाण, पवार, जाधव, आडे अशी आडनावं जास्त. बंजारा समाजाचं तीर्थक्षेत्र पोहरादेवी जवळ असल्यानं आमचा भाग देशभरातल्या बंजारा समाजाला माहीत आहे. आईबाप सोयाबीन-तुरीचे कोरडवाहू कास्तकार, नाहीतर दिवाळीनंतर कामाला बाहेरगावी जाणारे. नीती आयोगानं २०१८ मध्ये आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातले चार होते: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि आमचं वाशीम. अशा ठिकाणची मुलं आता दिल्ली, हैदराबाद, वर्ध्याच्या केंद्रीय विद्यापीठांची नावं घेऊ लागली आहेत. त्यांना मदत करताना एक गोष्ट मला पक्की कळली आहे. आमची मुलं परीक्षेत मागे पडण्याआधीच पात्रतेच्या अटींवर गळतात, आणि त्या अटी सांगणारं माणूस त्यांच्या आसपास नसतं.

पहिली गळती प्रवर्गाच्या रकान्यात होते. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जाती म्हणजे व्हीजे-ए, राज्यात त्याला तीन टक्के आरक्षण. केंद्राच्या यादीत मात्र हा प्रवर्गच नाही. तिथं महाराष्ट्रातला बंजारा ओबीसीत मोडतो आणि केंद्रीय संस्थांतल्या २७ टक्के जागांवर त्याचा हक्क असतो. केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे सीयूईटीच्या, अर्जात पर्याय असतात ते खुला, ईडब्ल्यूएस, ओबीसी-एनसीएल, एससी आणि एसटी. व्हीजे-ए शोधून थकलेला मुलगा एक तर खुल्यावर टिचकी मारतो, नाहीतर एसटीवर. एसटीवर मारतो त्यालाही कारण आहे. तेलंगणातले त्याचे लंबाडा नातेवाईक अनुसूचित जमातीत आहेत, कर्नाटकातले लमाणी अनुसूचित जातीत. एकच भाषा, एकच सेवालाल महाराज, लग्नसंबंधही सीमेपलीकडे, पण राज्य बदललं की रकाना बदलतो. सतरा वर्षांच्या मुलानं हे स्वतःहून ओळखावं अशी अपेक्षा धरणं मला अन्यायाचं वाटतं.

बरं, ओबीसी निवडलं तरी त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेलं राज्याच्या नमुन्यातलं चालत नाही. शिवाय ते चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेलं असावं लागतं. मार्चमध्येच कागद तयार ठेवणारी शहाणी मुलं यातच अडकतात. एका मुलीचं असंच झालं. गुण चांगले होते, सगळे कागद फाईलला लावलेले होते, पण प्रमाणपत्र फेब्रुवारीचं. नवीन काढायला गेली तेव्हा तिला सांगण्यात आलं की तुझं तर आहेच, दुसरं कशाला? तिचा बा मला फोनवर म्हणाला, "म्याडम, कागद आहे नं तिच्याजोळ, मंग काहून घेत नाईत?" त्याला तारखेचा नियम समजावून सांगताना मला फार जड गेलं, कारण त्या कागदासाठी त्यानं मजुरीचे दिवस बुडवले होते. धावपळ करून नवीन प्रमाणपत्र निघालं तोवर पहिली फेरी हातची गेली होती.

उत्पन्नाबद्दलही घरोघरी गैरसमज आहे. मर्यादा आठ लाखांची आहे, सप्टेंबर २०१७ पासून. पण हा हिशेब करताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्यात धरत नाहीत. नोकरदारांसाठी पदाच्या श्रेणीची वेगळी कसोटी असते. एसटी महामंडळात चालक असलेल्या बापाचा मुलगा 'आपण क्रिमीलेअर' म्हणून गप्प बसतो, तेव्हा कुणीतरी त्याला हे सांगायला हवं.

दुसरी गळती याहून खोल आहे, कारण ती दोन वर्षं आधीच होऊन गेलेली असते. अकरावीला घेतलेल्या विषयांत.

२०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश सीयूईटीवर होतात. त्याआधी दिल्लीत बारावीच्या टक्क्यांची कट-ऑफ असे. २०२१ साली तिथल्या हिंदू कॉलेजची राज्यशास्त्राची पहिली कट-ऑफ १०० टक्के लागली होती. आपल्या मंडळाच्या कला शाखेत राज्यशास्त्राला शंभरपैकी शंभर कोण देतं? ती दारं आमच्यासाठी बंदच होती, म्हणून सीयूईटी आली याचा मला मनापासून आनंद झाला. अजूनही माझं मत तेच आहे, की शहरातले शिक्षक या परीक्षेला कितीही नावं ठेवोत, आमच्या मुलांना तिनं पहिल्यांदा रांगेत उभं केलं. बारावीचे गुण आता मुख्यतः दोघांचे गुण सारखे झाले तर पाहिले जातात, आणि पात्रतेपुरते. पालकांच्या डोक्यातून मात्र टक्केवारी जात नाही.

पण दिल्ली विद्यापीठाचा नियम असा आहे की ज्या विषयांची सीयूईटी द्यायची ते, किंवा त्यांच्या अगदी जवळचे विषय, बारावीला घेतलेले असावेत. सीयूईटीत २०२५ साली १३ भाषा, २३ विषय आणि एक सामान्य क्षमता चाचणी होती. त्या २३ विषयांत इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र, मानसशास्त्र आहेत. सहकार नाही. शिक्षणशास्त्र नाही. तर्कशास्त्र नाही. आणि ग्रामीण भागातल्या कला शाखेत मुलांच्या वाट्याला नेमके हेच विषय येतात, कारण कॉलेजात त्यांचे शिक्षक असतात आणि गुण बरे पडतात अशी समजूत असते. भूगोलाला प्रात्यक्षिक लागतं, म्हणून अनेक ठिकाणी तो नसतोच. कला शाखेला गणित तर छोट्या गावांत जवळजवळ कुठंच नाही, आणि दिल्लीच्या अर्थशास्त्र ऑनर्सला गणिताशिवाय अर्ज करता येत नाही. अर्थशास्त्राची गोडी असलेली माझी एक विद्यार्थिनी हे कळल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. तिनं शेवटी विचारलं, "मॅडम, हे अकरावीत कोणी काहून नाही सांगितलं?" ती आमच्याकडे बारावीला दुसऱ्या कॉलेजातून आली होती.

यात एक फट आहे आणि ती मी प्रत्येक वर्गाला सांगते. दिल्लीच्या अनेक बी.ए. ऑनर्स अभ्यासक्रमांना २०२५ साली दोन रीतींनी पात्र होता येत होतं: एक भाषा आणि तीन विषय, किंवा दोन भाषा आणि दोन विषय. मराठी ही त्या १३ भाषांतली एक आहे. ज्याच्याकडे सहकार आणि शिक्षणशास्त्र आहे, पण सोबत इतिहास आणि राज्यशास्त्रही आहे, तो मराठी, इंग्रजी, इतिहास, राज्यशास्त्र असे चार पेपर देऊन त्याच रांगेत लागतो. घरी बंजारा बोलणाऱ्या आणि शाळेत मराठी शिकलेल्या मुलाला मराठीच्या पेपरात चांगले गुण पडू शकतात, आणि तेच गुण दिल्लीच्या यादीत चालतात. इंग्रजीच्या धाकानं अर्जच न भरणाऱ्यांसाठी हे फार मोलाचं आहे. फक्त दरवर्षी त्या त्या विद्यापीठाचं माहितीपत्रक नव्यानं वाचावं लागतं. सीयूईटीला घेता येणाऱ्या विषयांची कमाल संख्याच पाहा ना, पहिली काही वर्षं ती बदलत राहिली आणि २०२५ ला पाचवर आली.

पेपरचं गणित साधं आहे. एका विषयाला ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबर उत्तराला पाच गुण, चुकलं तर एक वजा, एकूण २५०. अवघड आहे ती पुस्तकांची बाजू. प्रश्न एनसीईआरटीच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर येतात आणि आमची मुलं बालभारतीची पुस्तकं वाचतात. इतिहासात तर दोन्हींचा रस्ताच वेगळा आहे. एनसीईआरटीचं बारावीचं पुस्तक हडप्पापासून सुरू होतं, आपलं युरोपातल्या प्रबोधनापासून. प्राचीन भारत आपल्याकडे अकरावीत होऊन जातो आणि परीक्षा संपली की विसरला जातो. त्यातही प्रश्नपत्रिका मराठीतून घेता येते, पण ज्या पुस्तकांवर ती बेतलेली असते ती हिंदी, इंग्रजी आणि उर्दूत छापली जातात, मराठीत नाहीत. मी मुलांना हिंदी आवृत्ती देते. संज्ञांची एक वही आम्ही वर्गात करतो, 'संविधान सभा', 'दल-बदल', 'गठबंधन' यांच्यापुढे आपले मराठी शब्द लिहून. ही वही खरं तर राज्याच्या शिक्षण खात्यानं करून द्यायला हवी, आणि मी हे जिथं संधी मिळेल तिथं बोलते.

वेळापत्रकानंही मुलांची ओढाताण होते. २०२५ साली बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारी ते १८ मार्च होती आणि सीयूईटीचा अर्ज १ मार्चला सुरू होऊन त्याच महिन्यात बंद झाला. ज्याच्या घरी संगणक नाही, ज्याला फोटो आणि सही ठरलेल्या आकारात बसवायला मंगरूळपीरला जावं लागतं, त्यानं हे दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत उरकायचं. आम्ही तेव्हापासून अर्जाची सगळी माहिती जानेवारीतच एका कागदावर लिहून ठेवतो.

राज्यातल्या प्रवेशांबद्दल थोडक्यात. अभियांत्रिकीची सामायिक फेरी असो की अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची बी.एस्सी. कृषी, तिथं व्हीजे-ए हाच प्रवर्ग चालतो आणि ते वैधता प्रमाणपत्र कामी येतं. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ आहे. ही सवलत राज्याची आहे, ती दिल्लीत लागू नाही. हा फरक आधी सांगितला नाही तर घरातले लोक ऐन वेळी माघार घेतात.

आमच्या जिल्ह्यातल्या रिसोडच्या पलीकडे, बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातले राजू केंद्रे मुलांना परिचयाचे आहेत. शिकून ते चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेले, पण त्याआधीच, २०१७ मध्ये, त्यांनी यवतमाळमधून 'एकलव्य' सुरू केलं होतं. घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना नामवंत संस्थांच्या प्रवेशासाठी तयार करण्याचं हे काम आहे. त्याचं महत्त्व मला असं वाटतं, की तिथं सांगणारा आपल्याच भागातला असतो. अर्जातल्या कोणत्या ओळीवर आपला मुलगा अडखळणार, हे त्याला आधीच ठाऊक असतं.

सांगणारी माणसं हवीत, तसे प्रवेशाचे नियमही बदलता येतात. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यानं १९९७ मध्ये कायदा केला, की राज्यातल्या प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना सार्वजनिक विद्यापीठात थेट प्रवेश. पुढं ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठापुरता हा टक्का कमी करावा लागला, कारण जागा पुरेनात. तरी त्यामागचा विचार मला पटतो. मूल ज्या शाळेत शिकलं तिथल्या परिस्थितीत त्यानं काय केलं, हे तिथं मोजलं जातं. आपल्याकडे जवाहरलाल नेहरू विद्यापीठानं मागास जिल्ह्यांतल्या मुलांना आणि मुलींना काही वाढीव गुण देण्याची पद्धत ठेवली, ती याच विचाराची. ती इतर केंद्रीय विद्यापीठांनीही घ्यावी, असं मला वाटतं. तोवर तालुक्यातल्या एका तरी कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेला गणित हवं, आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात केंद्राच्या नमुन्यातल्या प्रमाणपत्रांसाठी तहसीलला शिबिर हवं. हे दोन्ही जिल्ह्याच्या पातळीवर होण्यासारखं आहे.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. मुलं कॉलेजचं नाव आणि शाखा पाहून पसंती भरतात; तिथं कोणते विषय शिकवले जातात हे विचारायचं राहून जातं. म्हणून आता मी दहावीच्या निकालानंतर तांड्यावर जाते. नायकाच्या ओट्यावर पालक जमतात, आणि मी सोबत तीन गोष्टी नेते. पहिली, सीयूईटीतल्या विषयांची मराठीत लिहिलेली यादी. दुसरी, केंद्राच्या ओबीसी प्रमाणपत्राचा कोरा नमुना, म्हणजे कोणता मागायचा ते डोळ्यांनी दिसतं. तिसरी, नावांची तपासणी: आधारवर, दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि जातीच्या दाखल्यावर मुलाचं, बापाचं आणि आईचं नाव अक्षरशः एकसारखं आहे का. इंग्रजीत राठोडचं स्पेलिंग एका घरातल्या दोन भावंडांचं वेगळं सापडतं. जूनमध्ये सापडलं तर दुरुस्तीला दोन वर्षं हातात असतात.