भीतीचा खेळ आणि उघडे दार

ठरावीक वेळेत, बहुधा साठ मिनिटांत, कोडी सोडवून व किल्ल्या शोधून बंद खोलीतून बाहेर पडावयाचे, ही ‘एस्केप रूम’ या खेळाची साधी रीत. २००७ साली जपानमधील क्योतो येथे ताकाओ कातो यांनी त्याचा आरंभ केला. पुढे हा खेळ जगभर पसरला, आणि त्यात भयकथेची व प्रत्यक्ष नटांची भर पडली. अमेरिकेतील अशा एका खेळात ‘झोंबी’ झालेला नट साखळीने भिंतीशी जखडलेला असतो. दर पाच मिनिटांनी भोंगा वाजतो आणि साखळी एक फूट लांबते. खोली तेवढीच राहते; सुरक्षित कोपरा मात्र लहान होत जातो.

कुलूप माणसाकडे पाहत नाही, नट पाहतो. कोण मागे सरकला, कोणाचा आवाज कापला, हे हेरून तो पुढचे पाऊल टाकतो. म्हणून कुठे थांबावे हे ओळखणे, हे त्याच्या कलेचे अर्धे अंग होय.

डेन्मार्कमधील ऑरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी एका भयगृहात ११० जणांच्या हृदयाची गती नोंदवून त्यांच्या अनुभवाचा अभ्यास केला. २०२० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की भीती अगदी थोडी असली तर मजा येत नाही आणि अति झाली तरी येत नाही. आनंद या दोहोंच्या मध्ये असतो. हा मध्य सर्वांचा सारखा नसतो. थोरल्या मुलाला जे गंमतीचे वाटते, ते धाकटीची झोप उडवू शकते.

मात्र खेळातली भीती खोटी असली, तरी बंद दार खरे असते. ४ जानेवारी २०१९ रोजी पोलंडमधील कोशालिन शहरात वाढदिवसानिमित्त एस्केप रूममध्ये गेलेल्या पंधरा वर्षांच्या पाच मुली तेथील आगीत मृत्युमुखी पडल्या. त्यानंतर देशभर अशा ठिकाणांची तपासणी झाली व अनेक बंद करण्यात आली.

म्हणून तिकीट काढण्यापूर्वी पालकांनी काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. दार आतून उघडते काय? आग लागल्यास दुसरी वाट कोणती? नट अंगाला स्पर्श करतात काय? कोणता शब्द उच्चारताच खेळ थांबतो? वयाची अट काय? हृदयविकार, दमा, अपस्मार किंवा गर्भावस्था असल्यास आधीच सांगावे; अशा खोल्यांत कृत्रिम धूर व लुकलुकणारे दिवे असू शकतात.

आणखी एक पथ्य घरच्यांनीच पाळावयाचे आहे. जो ‘मला नको’ म्हणेल, त्याला भित्रा म्हणून हिणवू नये. हसत आत जाणाऱ्याला कोणत्याही क्षणी बाहेर येता येईल, ही खात्री असेल तरच तो खेळ. ती नसेल तर ती केवळ कोंडी.