पाठीमागून वार!

वज्रासनात बसा. डोळे मिटा. तुमच्या पाठीमागे एकजण बांबूची तलवार उगारून उभा आहे. तो वार केव्हा करणार, हे मात्र तुम्हांला कळणार नाही! बसवेल का तसं?

‘बुजिनकान’ या जपानी युद्धकलेत पाचव्या श्रेणीची परीक्षा अशीच असते. तलवार खाली येताच कोलांटी घेऊन निसटायचं. घाबरून आधीच हललात, तरी नापास! उशीर झाला, तर डोक्यात टप्पू ठरलेलाच.

या कलेत नऊ घराण्यांच्या विद्या एकत्र आल्या आहेत. सहा सामुराई योद्ध्यांच्या आणि तीन निंजांच्या, म्हणजे गुप्तहेरांच्या. ती घराणी नेमकी किती जुनी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

या नऊही विद्या तोशित्सुगु ताकामात्सु या गुरूंनी मासाआकी हात्सुमी यांना दिल्या. हात्सुमी नोदा गावचे, पेशाने हाडवैद्य. गुरू राहायचे दूर नारा प्रांतात. हात्सुमी आगगाडीने त्यांच्याकडे जात आणि शिकून परत येत. एकदोनदा नव्हे, तब्बल पंधरा वर्षं! १९७२ साली गुरू वारले. पुढे हात्सुमींनी ही विद्या देशोदेशींच्या विद्यार्थ्यांना शिकवली.

आणि गंमत म्हणजे इथे नवख्याला आधी ठोसा मारायला नाही, तर पडायला शिकवतात! न दुखता पडायचं नि चटकन उठायचं. याला ‘उकेमी’ म्हणतात. ज्याला पडता येतं, त्याची भीती निम्मी पळते.

मात्र तलवारीची परीक्षा घरी धाकट्या भावावर घ्यायची नाही, बरं का!