हरभऱ्यातील पक्षी थांबे आणि बांधावरचे झाड



हरभरा कळीवर आला की घाटे अळीची काळजी सुरू होते. मात्र फवारणीचा पंप बाहेर काढण्याआधी एक काम करून पाहावे. दिवस उगवल्यावर अर्धा तास बांधावर शांत बसावे. शेतात कोणते पक्षी उतरतात, कुठे बसतात आणि काय उचलतात, हे नीट पाहून वहीत टिपून ठेवावे. यासाठी दुर्बीण लागत नाही. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसांवरून या तारखा ठरल्या. हरभऱ्याच्या पेरणीचाही तोच सुमार असल्याने नोंदींची सुरुवात तेव्हापासून करणे सोयीचे पडते.

नोंदी ठेवू लागल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी, की प्रत्येक पक्ष्याची शिकारीची तऱ्हा वेगळी असते. साळुंक्या आणि गायबगळे सरीतून चालत चालत किडे टिपतात. दुभंगलेल्या शेपटीचा काळा कोतवाल आणि निळ्या पंखांचा नीलपंख मात्र उंच जागी बसून टेहळणी करतात आणि भक्ष्य दिसताच झेप घेतात. हरभऱ्याचे पीक बुटके असते. त्यात बसायला जागाच नसेल तर हे पक्षी वरून निघून जातात. पक्षी थांब्यांची शिफारस केली जाते ती यासाठीच.

एक घाटे अळी साधारणपणे ३० ते ४० घाट्यांचे नुकसान करते. ती मोठी झाली म्हणजे कीटकनाशकाला सहजासहजी दाद देत नाही. पण अशी अळी पक्ष्याच्या नजरेत मात्र चटकन भरते. म्हणून पीक फुलोऱ्यावर येण्यापूर्वीच हेक्टरी ५० थांबे रोवावेत. तुरीच्या पऱ्हाट्या, बांबू किंवा बाभळीचे फाटे चालतात. वर आडवी काडी बांधून इंग्रजी टी अक्षरासारखा आकार द्यावा. उंची पिकाच्या वर फूट-दीड फूट असावी. पेरताना हरभऱ्याच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळली तर ती ताटेही थांब्यांचे काम करतात आणि खर्च काहीच येत नाही.

घाटे अळीच्या विषाणूची (एचएनपीव्ही) फवारणी केली असल्यास आणखी एक फायदा होतो. रोगट अळ्या खाल्लेल्या पक्ष्यांना काही अपाय होत नाही, उलट त्यांच्या विष्ठेतून हा विषाणू शेतात इतरत्र पसरतो.

अर्थात, सगळे पीक पक्ष्यांच्या भरवशावर सोडावे असे आमचे म्हणणे नाही. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. दर मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसू लागल्यास शिफारशीप्रमाणे पुढील उपाय योजावेत.

थांबे रोवले तरी पक्षी येत नाहीत, अशी तक्रार बरेचदा ऐकू येते. अशा वेळी आसपासच्या बांधांकडे पाहावे. ट्रॅक्टर वळवण्यास अडचण होते म्हणून बाभूळ, बोर, कडुनिंब तोडून टाकलेले असतात. उन्हाळ्यात बांध पेटवून गवत जाळलेले असते. कोतवाल झाडाच्या फांदीच्या बेचक्यात घरटे करतो. नीलपंख आणि पिंगळा जुन्या झाडाच्या ढोलीत राहतात. वेडा राघू ओढ्याच्या मातीच्या दरडीत बीळ कोरतो. वस्तीलाच जागा उरली नाही, तर नुसत्या काड्या रोवून काय उपयोग? बांधावरच्या झाडाच्या सावलीने दोन-चार तास कमी पिकतात हे खरे, परंतु तेवढ्यासाठी झाड मुळापासून काढण्यापेक्षा त्याच्या खालच्या फांद्या छाटाव्यात.

टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. बहुधा चार अंडी असतात आणि ती ढेकळांत मिसळून जातात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली तर कुळव थांबवून अंडी शोधावीत, शेजारी काठी रोवावी आणि तेवढी जागा सोडून पुढे जावे. पिल्ले सुमारे चार आठवड्यांत बाहेर पडतात आणि लगेच चालू लागतात.

घुबडाला अशुभ मानून हुसकावण्याची रीत अजून गेलेली नाही. गव्हाणी घुबडाचे मुख्य खाद्य उंदीर आहे. त्यामुळे ते वस्तीजवळ राहिले तर आपलेच काम होते. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड वापरल्यास मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत. औषध लावलेले बियाणे मातीवर उघडे राहू देऊ नये. ते टिपून होले आणि मोर दगावतात.

ज्वारीची गोष्ट मात्र निराळी आहे. दाणा दुधात आला की पोपट, चिमण्या आणि भोरड्यांचे थवे उतरतात, तेव्हा राखण करावीच लागते. शेजारी ज्वारी असेल तर त्या बाजूचे थांबे दाणा भरण्यापूर्वी काढून घ्यावेत. हरभरा निघाल्यावर उन्हाळ्यात खोल नांगरट करावी. मातीतले घाटे अळीचे कोष वर येतात आणि नांगरामागे चालणारे बगळे व साळुंक्या ते वेचून खातात. त्या दिवशीही वही सोबत ठेवावी.