रक्ताची फसवी साक्ष

(बी. ए. द्वितीय वर्ष)

रक्ताचे नाते, रक्त आटविणे, रक्ताचे पाणी करणे हे शब्दप्रयोग आपल्या तोंडी सहज येतात. परंतु हेच रक्त कधी कधी तपासनळीत एक सांगते आणि शरीरात दुसरेच करते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. कला शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकाच्या प्रांतात शिरावे, हे काहींना धाडस वाटेल. पण या रोगाचा संबंध नुसत्या दवाखान्याशी नाही, घरातील सुनेच्या मानाशीही आहे. त्याचे नाव 'अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम'. लंडनचे डॉ. ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ साली त्याचे स्वरूप स्पष्ट केले.

रोगजंतूंशी लढण्यासाठी आपल्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. या रोगात ती घरच्यांवरच उठतात. पेशींच्या आवरणात फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थ असतात. त्यांना चिकटणाऱ्या प्रथिनांवर ही प्रतिपिंडे बसतात, रक्तवाहिनीचे अस्तर चेतवितात आणि नको तेथे रक्ताची गुठळी होते. ती पायाच्या शिरेत झाली तर पाय सुजतो. मेंदूत झाली तर ऐन तारुण्यात पक्षाघात होतो. गरोदरपणी ही प्रतिपिंडे वारेला अपाय करतात आणि बाळ पोटातच दगावते.

रक्तातील कोडे

तपासनळीत रक्त गोठविण्यासाठी फॉस्फोलिपिड घालावे लागते. प्रतिपिंडे तेच अडवून धरतात, म्हणून रक्त उशिरा गोठते. कागद पाहणाऱ्यास वाटावे, या रोग्याला रक्तस्रावाचे भय आहे. प्रत्यक्षात भय असते ते गुठळीचे! रक्त गोठविण्यास मदत करणारे बिंबाणू निरोगी माणसात दर घनमिलिमीटरला साधारण दीड ते साडेचार लाख असतात. या रोगात ते पुष्कळदा कमी होतात, तरीही गुठळ्या होतच राहतात.

दुसरी फसगत अधिक क्रूर आहे. उपदंश म्हणजे गरमी ओळखण्याच्या व्हीडीआरएल चाचणीत कार्डिओलिपिन नावाचे फॉस्फोलिपिडच वापरतात. त्यामुळे उपदंश नसतानाही ही चाचणी होकारार्थी येऊ शकते. गरोदर स्त्रीची ही तपासणी नेहमीचीच असते. अशा वेळी खात्रीची दुसरी चाचणी न करता कोणी निष्कर्ष काढला, तर एका निरपराध बाईच्या चारित्र्यावर डाग पडतो.

कातडीवरील जाळे

सायंकाळी आपल्या क्रांती चौकात वाहने अडली, की जालना रस्त्याबरोबर लगतचे रस्तेही तुंबतात. कातडीखालच्या बारीक वाहिन्यांचे असेच होते. रक्त रेंगाळते आणि मांड्या, पाय, हात यांवर निळसर जांभळे जाळे उमटते. थंडीत अनेकांच्या अंगावर असे जाळे दिसते, पण ते ऊब मिळताच जाते. हे सहसा जात नाही. सावळ्या वर्णावर ते चटकन ओळखू येत नाही, म्हणून उजेडात नीट पाहावे लागते. काहींच्या घोट्यापाशी न भरणाऱ्या जखमा होतात, नखांखाली कुसळासारख्या रेघा दिसतात, बोटांची टोके काळी पडतात. १९६५ साली डॉ. स्नेडन यांनी असे जाळे आणि पक्षाघात एकाच रोग्यात आढळतात, हे दाखवून दिले. म्हणजे ज्याला आपण कातडीचा विकार समजून मलम चोळतो, तो मेंदूवरील संकटाची पूर्वसूचनाही असू शकतो.

दोष कोणाचा?

मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत, वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांच्या रक्तातील या प्रतिपिंडांचा अभ्यास झाला आहे. आमच्या खेड्यांकडे मात्र अशा बाईचे ओटीभरण टाळतात, तिला पांढऱ्या पायाची म्हणतात, देवऋष्याकडे नेतात. प्रत्येक गर्भपात या रोगानेच होतो असे नाही. परंतु कारण शोधण्याआधी दोष देणे हा कोठला न्याय?

एका चाचणीवर निदान होत नाही. निदान बारा आठवड्यांनी ती पुन्हा करून प्रतिपिंडे टिकून आहेत का, ते पाहतात. गुठळी होऊन गेलेल्यास रक्त गोठण्यास अटकाव करणारी वॉरफॅरिनची गोळी बहुधा दीर्घकाळ घ्यावी लागते. मेथी-पालक अचानक वाढवू वा बंद करू नये, कारण त्यातील 'के' जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम बदलतो. गरोदरपणी ही गोळी टाळून हेपॅरिनची इंजेक्शने व थोडे अॅस्पिरिन देतात. या उपचाराने पूर्वी गर्भ गमावलेल्या बहुतेक स्त्रियांच्या मांडीवर मूल खेळू शकते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात तपासणीचा कागद वाचू शकणारे आपणच पहिले आहोत. म्हणून मित्रहो, तो कागद घरच्यांना वाचून दाखविताना एवढे अवश्य सांगा, की रक्ताची पहिली साक्ष ही अखेरची नव्हे.