नव्वद डॉलरचे घर, वीस कोटींची गंगाजळी

रेल्वे सुरक्षा दलाने सात वर्षांत 84,119 मुले फलाटांवरून आणि गाड्यांतून सोडवली, हा आकडा जुलै 2024 मध्ये जाहीर झाला आणि तेव्हापासून बातम्यांत फिरतो आहे. ‘नन्हे फरिश्ते’ मोहिमेबद्दल तक्रार नाही. तक्रार बातमीच्या शेवटच्या ओळीबद्दल आहे: ‘मुलाला बालकल्याण समितीपुढे हजर करण्यात आले.’ झाशीत दतिया गेटाच्या आतल्या बोळातून पळालेले पोर पंजाब मेलमध्ये चढले, तर दुसऱ्या दिवशी सीएसएमटीला उतरते. त्याला फलाटावर गाठणे हे काही तासांचे काम. पुढची दहा वर्षे ते कोणाच्या हाताखाली काढणार, याला मथळा मिळत नाही.

या दहा वर्षांचा विचार ज्याने आयुष्यभर केला, तो कॅथलिक धर्मगुरू अमेरिकेतल्या ओमाहा शहरातला. एडवर्ड फ्लॅनगन, जन्म 1886, आयर्लंडमधल्या बॅलीमोचा. त्याने आधी मुलांसाठी काही केलेच नव्हते. बेकार, बेघर पुरुषांसाठी स्वस्तातला मुक्काम चालवला होता. तिथे येणाऱ्यांच्या कहाण्या ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आले की, यांचे सगळे बिनसले ते लहानपणीच. मग 12 डिसेंबर 1917 रोजी नव्वद डॉलर उसने घेऊन त्याने भाड्याचे घर घेतले आणि पाच पोरांना ठेवून घेतले. 1921 मध्ये शहराबाहेर शेत घेतले, त्याचे पुढे ‘बॉइज टाउन’ झाले. पोरेच आपला महापौर निवडत. काळी, गोरी, ज्यू, सगळी एकत्र. त्या काळातल्या अमेरिकेत ही गोष्ट साधी नव्हती. मूल वाईट नसते, त्याचे भोवताल वाईट असते, हे त्याचे पालुपद. 1938 मध्ये त्याच्यावर चित्रपट निघाला, स्पेन्सर ट्रेसीला ऑस्कर मिळाले आणि फादर जगभर पोहोचला.

बालगृह चालवणारा फादर म्हटले की आज मनात आधी काय येते, ते लिहायला नको. म्हणूनच 1946 ची गोष्ट मला चित्रपटापेक्षा मोठी वाटते. मायदेशी गेलेल्या फ्लॅनगनने आयर्लंडच्या औद्योगिक शाळांवर, म्हणजे चर्चच्याच संस्थांनी चालवलेल्या कोंडवाड्यांवर, जाहीर सभांतून झोड उठवली. मुलांना तिथे फटके मारतात, हे त्याने खणखणीत सांगितले. न्यायमंत्र्यांनी संसदेत ते उडवून लावले. दोन वर्षांनी, 15 मे 1948 ला, फ्लॅनगन बर्लिनमध्ये वारला. त्याचे म्हणणे सरकारी अहवालात उतरायला 2009 उजाडले. रायन आयोगाने त्या शाळांतल्या मारहाणीची आणि लैंगिक अत्याचाराची हजारो पाने छापली, तेव्हा त्यातली कित्येक मुले म्हातारी झाली होती.

आता नाण्याची दुसरी बाजू. 1972 मध्ये ‘ओमाहा सन’ या साप्ताहिकाने बॉइज टाउनचा ताळेबंद खणून काढला. साप्ताहिकाचे मालक होते वॉरेन बफे, हिशेब वाचण्याची हौस असलेले. निघाले असे की, संस्थेत मुले सातशेहून कमी, मालमत्ता वीस कोटी डॉलरच्या आसपास, आणि तरीही दर वर्षी लाखो घरांत ‘मदत करा’ची पत्रे जात. बातमीला 1973 चे पुलित्झर मिळाले. शरमलेल्या संस्थेने त्यानंतर मोठी वसतिगृहे मोडीत काढली आणि लहान घरे केली. प्रत्येक घरात एक जोडपे आणि मोजकी मुले. सुधारणा घडवली ती वर्तमानपत्राच्या दणक्याने, फ्लॅनगनच्या पुण्याईने नव्हे. आपल्याकडे देणगी देताना बालगृहाचा ताळेबंद मागणारा दाता मला अजून भेटायचा आहे.

लहान घराची ही कल्पना मुंबईला नवी नाही. स्पॅनिश जेझुइट फादर रिकार्डो फ्रान्सिस्को यांनी 1962 मध्ये स्नेहसदन सुरू केले आणि पुढे फादर प्लेसी फोन्सेका यांनी कित्येक दशके ते चालवले. एका छपराखाली शेकडो खाटा मांडण्याऐवजी वेगवेगळी घरे, घरात आईबापांच्या जागी असणारी माणसे आणि फलाटावरच्या पोराशी आधी ओळख, मग प्रवेश. अंधेरीच्या रहिवाशांना ही घरे ठाऊक आहेत.

कायद्यालाही हे पटलेले आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. त्याआधी कुटुंब, नातेवाईक, प्रतिपालन. कागदावर याहून चांगले काय लिहिणार! पण बालगृहाच्या इमारतीची कोनशिला बसते, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. विधवा आईच्या खात्यात दरमहा पैसे जमा होतात, त्याचा फोटो कोण काढणार? महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना 2,250 रुपये मिळतात, केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्वाचे 4,000. माझ्या मते पहिली रक्कम लगोलग दुसरीइतकी करायला हवी. शहरातल्या झोपडीच्या भाड्यालाही 2,250 पुरत नाहीत, आणि पोर घरातून निघते ते बऱ्याचदा असल्याच हिशेबावरून.