जिममध्ये किती वेळ थांबायचं? घड्याळ बघू नका, सेट मोजा

तामलवाडी (ता. तुळजापूर) : पोलीस भरतीची चाहूल लागली की पहाटे रस्त्याकडेला पळणारी पोरं वाढतात आणि संध्याकाळी जिममध्ये गर्दी होते. तिथं एक वाद हमखास रंगतो. कोण म्हणतं, दोन तास घाम गाळल्याशिवाय अंग बनत नाही. कोण म्हणतं, पाऊण तासाच्या पुढं गेलं की कमावलेलं सगळं गळून जातं. मोबाईलवरच्या व्हिडिओत दोन्ही गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या जातात. मग खरं काय?

आधी साधा हिशोब करू. समजा पाच व्यायाम घेतले आणि प्रत्येकाचे तीन सेट मारले, तर झाले 15 सेट. एका सेटमध्ये वजन 8 ते 12 वेळा उचलायला साधारण 40 सेकंद लागतात. म्हणजे 15 सेटमध्ये प्रत्यक्ष वजन उचलायचं काम फक्त 10 मिनिटांचं. दोन सेटच्या मध्ये दोन मिनिटं विश्रांती धरली तर त्यात अर्धा तास जातो. सुरुवातीला अंग गरम करायला 10 मिनिटं. सगळं मिळून 50 मिनिटं. दोन तास जिममध्ये थांबणाऱ्यानं उरलेला वेळ कुठं गेला, ते मोबाईल उघडून बघावं. बहुतेक रील्समध्येच सापडेल.

मग विश्रांतीच कापली तर? ते अंगलट येतं. जोरदार सेटनंतर स्नायूतली झटपट ताकद परत भरून यायला तीन ते पाच मिनिटं लागतात. 2016 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात व्यायामाची सवय असलेल्या तरुणांच्या एका गटाला सेटमध्ये एक मिनिट आणि दुसऱ्याला तीन मिनिटं विश्रांती दिली. आठ आठवड्यांनी तीन मिनिटंवाल्यांची ताकद जास्त वाढली होती. म्हणून स्क्वॉट, डेडलिफ्टसारख्या जड व्यायामात दोन-तीन मिनिटं थांबाच. वेळ वाचवायचाच असेल तर छातीचा एक सेट, मग पाठीचा एक, असं आलटून पालटून करा. एकाची विश्रांती दुसऱ्याच्या वेळेत होते.

पाऊण तासानंतर टेस्टोस्टेरॉन घसरतं, म्हणून पळा घरी, हीही नुसती भीतीच. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं 56 तरुणांना 12 आठवडे व्यायाम करायला लावला. व्यायामानंतर थोडा वेळ वाढणाऱ्या टेस्टोस्टेरॉनचा आणि स्नायू वाढण्याचा संबंध त्यात दिसला नाही. तासाच्या वर 10-15 मिनिटं गेली म्हणून काही बिघडत नाही. पण दमलेल्या अंगानं मारलेले शेवटचे सेट वाकडेतिकडे होतात आणि कंबर, खांदा तिथंच धरतो. खत दुप्पट टाकलं म्हणून सोयाबीन दुप्पट होत नाही, तसंच हे.

आता मुद्दा कष्टकऱ्यांचा. दिवसभर पोती उचलून किंवा कंपनीत शिफ्ट करून आलेल्या माणसाला दीड तासाची जिम कशाला? शेतातलं काम म्हणजेच व्यायाम, असं म्हणतात. ते अर्धंच खरं. त्या कामात अंग झिजतं, पण वजन मोजून थोडं थोडं वाढत नाही आणि ताण ठराविक अवयवांवरच येतो. अशांना आठवड्यातून दोन-तीन दिवस अर्धा तास पुरतो. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. बायकांनाही हेच लागू आहे. वजन उचललं की बाई पुरुषासारखी दिसते, ही समजूत चुकीची.

भरतीवाल्यांचं गणित वेगळं. मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15 गुण. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर. मुलांचा गोळा 7.260 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. म्हणजे 35 गुण पायात आहेत. तरी पोरं तासभर दंडच फुगवत बसतात! पाय, कंबर, खांदे यांचे मोजके जड सेट 40-45 मिनिटांत उरका आणि बाकी जीव पळण्याला ठेवा. मैदानाच्या आधीचे दोन-तीन दिवस पायाचा जड व्यायाम बंद.

तालमीतले पैलवान तासन् तास मेहनत करतात, हे खरं. पण ती सवय वर्षानुवर्षांची, त्यामागं खुराक असतो आणि दुपारची झोपही. नव्या पोरानं पहिल्याच दिवशी ईर्षेनं पाचशे बैठका मारल्या तर स्नायू फाटून त्यातले घटक रक्तात मिसळतात आणि किडनीवर येतं. उन्हाळ्यात, पाणी कमी पिलेलं असेल तर धोका जास्त. मांड्या नुसत्या दुखणं वेगळं. पण त्या सुजल्या, जिना उतरता येईना आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर वेदनेची गोळी खाऊन घरी झोपू नका. त्याच दिवशी तुळजापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा सोलापूरचं सिव्हिल गाठा आणि किती बैठका मारल्या ते डॉक्टरांना न लाजता खरं सांगा.