लिलावाचा दाखला आणि जमिनीचा कब्जा

बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकर, चिखली, मलकापूर या बाजूंचीं दप्तरें चाळतांना, १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजी कारभाराखालीं गेल्यानंतरचे कोर्टाच्या लिलावाचे विक्रीदाखले हातीं येतात. असा दाखला मिळाला कीं, ती जमीन त्या सालीं एका घराण्याकडून दुसऱ्याकडे गेली, असें लिहून टाकण्याचा मोह होतो. तो कां आवरावा, हें येथें सांगावयाचें आहे.

हुकुमनाम्याच्या बजावणींत झालेला लिलाव न्यायालयानें कायम केला म्हणजे खरेदीदारास दाखला मिळतो व लिलावाच्या दिवसापासून मालकी त्याची ठरते. परंतु प्रत्यक्ष कब्जा ही निराळी पायरी होय. ऋणको जमीन कसतच राहिला आणि खरेदीदार स्वस्थ बसला, तर काळ ऋणकोस अनुकूल होऊं लागतो. १९०८ च्या मुदतीच्या कायद्यानें अशा खरेदीदारास दाव्यासाठीं लिलाव कायम झाल्यापासून १२ वर्षें दिलीं होतीं. १९६३ च्या कायद्यांत कब्जा देवविण्याच्या अर्जास १ वर्ष व प्रतिकूल कब्जाविरुद्ध दाव्यास १२ वर्षें आहेत. दाव्याची मुदत सरली म्हणजे कलम २७ प्रमाणें खरेदीदाराचा हक्कच नष्ट होतो. मात्र वहिवाट उघड, अखंड व मालकाचा हक्क नाकारणारी असली पाहिजे. परवानगीनें किंवा खंडानें कसणाऱ्यास हा लाभ नाहीं.

धर्मशास्त्रास हा विचार अपरिचित नव्हे. मालक पाहत असून बोलत नाहीं, अशा भूमीस याज्ञवल्क्यानें २० वर्षांची मर्यादा सांगितली. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत तिचा अर्थ आंखडून, बुडतें तें उत्पन्न, भूमि नव्हे, असा निर्णय दिला. या बाबतींत आजचा कायदा मिताक्षरेहून कठोर आहे. पण आगम, म्हणजे हक्काचा मूलाधार, असूनहि लेशमात्र भोग नसेल तर त्या आगमास बळ नाहीं, हें याज्ञवल्क्याचें दुसरें मत आपल्या विक्रीदाखल्यांस नेमकें लागू पडतें.

तेव्हां दाखल्याबरोबर कब्जेपावती, बेलिफाचा अहवाल, पुढील १२ वर्षांच्या सारापावत्या व पिकाच्या नोंदी आहेत कीं नाहींत, हें संग्राहकांनीं अवश्य पाहावें. सारापावती एकटी मालकी सिद्ध करीत नाहीं. पण शेत कोण कसत होता, याचा माग तीच देते. मोहरेचा दाखला जपून फाटक्या पावत्या रद्दींत घातल्या, तर त्या शेताचा अर्धा इतिहास आपणच बुडविला, असें आम्ही समजतों.